न आलेला वास

टेबलावर सहा बाटल्या होत्या. बोटाएवढ्या, तपकिरी काचेच्या, प्रत्येकीच्या तळाशी कापसाचा एक बोळा. शेजारी रबरी हातोडा एक, स्टॉपवॉच एक, कोरे कागद चार, पेनं दोन, त्यातल्या एकाला टोपण नव्हतं. खोलीत खुर्च्या तीन, तपासायचा उंच पलंग एक, खिडकी एक आणि तिचा पडदा अर्धा ओढलेला. माणसं तीन: डॉक्टर, बायको आणि तो स्वतः. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी मोजून घ्यायचं, ही त्याची एकतीस वर्षांची सवय. पोलीस खात्यात त्याने आयुष्य काढलं ते संशयितांशी बोलण्यात. दार कुणाच्या पाठीशी आहे, टेबलाचा कोपरा कुणाच्या पोटाला टोचतोय, पाण्याचा पेला कुणाच्या हाताशी आहे, हे पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तो आता प्रशिक्षण केंद्रात नव्या अधिकाऱ्यांना शिकवत असे.

"काकू, डोळे मिटा. एक नाकपुडी दाबा. घाई नाही, आणि चुकलं तरी मार्क कापणार नाही," डॉक्टर म्हणाली. तिशीच्या आतबाहेरची होती. तिने पहिल्या बाटलीचं बूच काढलं. "काही नाही," बायको म्हणाली. दुसरी. "काही नाही." तिसरीला आणि चौथीलाही तेच. पाचवीला ती जरा थांबली आणि म्हणाली, "साबण?" ती कॉफी होती. सहाव्या बाटलीचं बूच निघालं आणि चार फुटांवर बसलेल्या त्याच्या नाकात रॉकेल शिरलं, इतकं की त्याने मान मागे घेतली. बाटली बायकोच्या नाकाला लागून होती. तिचा चेहरा हलला नाही. "पाणी आहे," ती म्हणाली. "पाण्याला वास असतो का हो काकू?" "तुमच्याकडच्याला असेल, फी घेता म्हटल्यावर." डॉक्टर खळखळून हसली. त्याला हसू आलं नाही. त्याच्या मनात त्या क्षणी एकच वाक्य उमटलं होतं, कुणी न बोलावता, नुसत्या सवयीने: खोटं बोलतेय. आणि जणू त्यालाच उत्तर द्यावं तशी डॉक्टर त्याच्याकडे वळून म्हणाली, "काका, या आजारात वास सगळ्यात आधी जातो. हात जड व्हायच्या चार-पाच वर्षं आधीसुद्धा. पेशंटला स्वतःलाही पत्ता नसतो. घरचे म्हणतात, दूध करपलं तरी लक्ष नाही हिचं."

दूध करपलं होतं. एकदा सोडून तीनदा करपलं होतं, आणि तिसऱ्या वेळी तो काहीएक न बोलता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता, कारण गप्प राहिलं की समोरचा माणूस बोलायला लागतो. ती बोलली नव्हती. डॉक्टर पुढे सांगत होती: कंपवात म्हणतात याला, पण दरवेळी कंप असतोच असं नाही, चेहरा कमी हलतो, डोळे कमी लवतात, आवाज बसतो, अक्षर बारीक होत जातं, एका अंगाचा हात नुसता लोंबत राहतो, गुंड्या लावायला वेळ लागतो. तिने स्टॉपवॉच हातात घेऊन बायकोच्या पापण्या किती लवतात ते मोजलं होतं. मिनिटाला पाच. साध्या माणसाच्या पंधरा-वीस होतात. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता एकेक शब्द तिच्या तोंडून सुटून भलत्याच माणसाच्या अंगावर जाऊन बसत होता. चेहरा, पापण्या, अक्षर, हात, गुंड्या. पाचही गोष्टी त्याने या आधी एकत्र पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या कसल्या, लिहून काढल्या होत्या. त्यांवर तो व्याख्यान देत असे.

बाईंडर. खात्यात त्या माणसाला सगळे अजून बाईंडरच म्हणत. चार वर्षांपूर्वी एका छापखान्याचं गोदाम संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला जळलं, आणि आतल्या पोटमाळ्यावर झोपलेला म्हातारा वॉचमन धुरात गुदमरून मेला. बाईंडरने त्या छापखान्यात बावीस वर्षं पुस्तकं शिवली होती. तीन आठवड्यांपूर्वीच मालकाने त्याला काढून टाकलं होतं: हात चालत नाही, दिवसाला चाळीसच्या जागी पंचवीस पुस्तकं होतात, आळशी झालाय. त्या संध्याकाळी सव्वासहाला तो गोदामासमोर पायरीवर दहा मिनिटं बसलेला लोकांनी पाहिला. वॉचमनशी गप्पा मारायला आलो होतो, हाक मारली, ओ आली नाही, बसलो, गेलो, एवढंच त्याचं म्हणणं. पण मागच्या खिडकीतून तोवर धूर निघायला लागला होता. पन्नास पावलांवरच्या चहावाल्याला वास आला होता. कुणी कचरा जाळत असेल असं वाटून तो गप्प बसला. वरच्या गॅलरीतल्या बाईने वास आला म्हणून वाळत घातलेले कपडे आत घेतले होते. आणि खिडकीपासून बारा पावलांवर बसलेला बाईंडर म्हणत होता, मला कसला वास आला नाही.

आधी तीन तास त्याच्यावर एक जण ओरडून झाला. त्या अधिकाऱ्याला खात्यात दांडगा म्हणत. टेबलावर हात आपटायची त्याला खोड होती. बाईंडर दर प्रश्नाला "नाही साहेब" म्हणत राहिला, चेहऱ्यावरची माशी न हलवता. मग साहेब म्हणाले, काकांना आत पाठवा. काका म्हणजे तो. ज्या संशयितांना दुसरं कुणी बोलतं करू शकत नसे ते त्याच्यापाशी बोलत, कारण तो त्यांच्यापाशी घरातल्या वडील माणसासारखा बसे. समोर कधी नाही, टेबलाच्या कोपऱ्याशी, गुडघा गुडघ्याला लागेल न लागेल असा. पहिली वीस मिनिटं तो कामाचं काही विचारत नसे. भावंडं किती, सकाळी उठतोस कधी, पायांत हे बूट कुठून घेतलेस. त्या वीस मिनिटांत माणूस खरं बोलताना कसा दिसतो हे तो पाहून ठेवी, म्हणजे पुढे खोटं बोलताना काय बदललं ते कळे. बाईंडरच्या बाबतीत त्याने लिहून ठेवलं होतं: काहीच बदलत नाही. भावंडांबद्दल बोलताना जो चेहरा, तोच मेलेल्या वॉचमनबद्दल बोलताना. आणि त्याखाली, रेघ ओढून: चेहरा बांधून ठेवलेला आहे. मग त्याने नेहमीचं काम सुरू केलं होतं. संशयित जसा बसतो तसं हळूहळू बसायचं, तो मान कलती करतो तिकडे आपली कलती करायची, त्याच्या बोलण्याच्या चालीत बोलायचं. माणसाला कळतही नाही, पण त्याला बरं वाटायला लागतं, आपलं कुणीतरी भेटल्यासारखं. बाईंडरचा डावा हात मांडीशेजारी नुसता लोंबत होता, म्हणून त्याने आपलाही लोंबता ठेवला. बाईंडर थांबून थांबून, खालच्या आवाजात बोलत होता, म्हणून त्याने आपला आवाज खाली आणला. आज दवाखान्याच्या खुर्चीत बसून त्याला कळलं की आठ तास आपण एका आजाराची नक्कल करत होतो.

खाली उतरून रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "तोंड का पडलंय? आजार मला झालाय." तिचा आवाज सपाट होता, डोळे समोर. अशी वाक्यं गेली दोन वर्षं घरात पडत होती, आणि प्रत्येक वाक्य तो उचलून तपासत होता. दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या बहिणीच्या शेवटच्या आजारात तो दोन दिवस उशिरा पोचला होता, एका चौकशीपायी; तिने तेव्हा एक अवाक्षर काढलं नव्हतं. त्यानंतरच हळूहळू तिचा चेहरा बंद झाला, अशी त्याने मनाशी नोंद केली होती. तारखेनिशी. तो घरी आला की ती वळून बघायची, पण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. तो जेवायला बसला की म्हणायची, "आलात? मला वाटलं भाडेकरू आला." तो मुकाट्याने जेवायचा. महिन्यातून एकदा तो तिच्या टेबलाच्या कोपऱ्याशी खुर्ची ओढायचा, खालच्या आवाजात म्हणायचा, मनात काय आहे ते बोल, मी रागावणार नाही. ती म्हणायची, "जबाब घेताय का माझा? मग एक चहा तरी पाजा, खात्यात पाजता म्हणे." तो उठून जायचा. आता रिक्षात त्याने विचारलं, "तू माझ्यावर रागावलेली नव्हतीस?" "कधी?" "ही दोन वर्षं." ती मान वळवून त्याच्याकडे बघायला लागली, मान वळायलासुद्धा तिला वेळ लागत होता, हे त्याला आज दिसलं. "अहो, मी दोन वर्षं तुमची थट्टा करतेय," ती म्हणाली. "तुम्ही हसायचं सोडून दिलंत. मला वाटलं, झालं, यांचं मन उडालं आपल्यावरून." त्याने तिचा हात धरला. धरताना अंगठा कुठे ठेवायचा, किती दाबायचं, केव्हा सोडायचं, हे त्याच्या हाताला आधीच माहीत होतं, आणि ते माहीत असण्याची त्याला किळस आली. त्याने हात सोडला नाही. याहून वेगळा हात त्याच्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात जाऊन त्याने ती फिल्म लावली. बाईंडरच्या चौकशीतली चाळीस निवडक मिनिटं. प्रशिक्षणार्थींच्या चौदा तुकड्यांना त्याने ती दाखवली होती, आणि कुठे थांबवायची हे बोटांना पाठ होतं. इथे थांबवून तो विचारत असे, याच्या पापण्यांकडे पाहा, हा बिथरलाय का? नाही सर. मग काय आहे? थंड आहे सर. इथे पुढे नेऊन: आता बाहीची गुंडी पाहा. पडद्यावर बाईंडर उजव्या हाताने डाव्या बाहीची सुटलेली गुंडी लावायला बघतो, एकदा, दोनदा, तीनदा. मग काकाचा हात पुढे येतो आणि ती लावून देतो. वर्गात दर वेळी कुणीतरी हसत असे, आणि तो म्हणत असे, हसू नका, आठ तासांचं काम या गुंडीने केलं. खरंच केलं होतं. गुंडी लावून दिल्यावर बाईंडरच्या तशाच कोऱ्या चेहऱ्यावरून पाणी ओघळायला लागलं होतं, आणि तेव्हाच काकाने आपली ठरलेली गोष्ट सांगितली होती: माझे वडीलही छापखान्यात होते, त्यांनाही असंच पन्नाशी उलटल्यावर काढलं, आमच्या घरात चार दिवस कुणी कुणाशी बोललं नव्हतं. खरं तर काकाचे वडील शाळेत कारकून होते आणि वेळेवर निवृत्त झाले होते. ही गोष्ट तो प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे सांगत असे.

मग फिल्ममधला शेवटचा तुकडा. तो त्याने आजवर उभ्याने, खडू हातात घेऊन पाहिला होता. आज खुर्चीत बसून पाहिला. "सगळ्यांना वास आला?" बाईंडर विचारतो. "सगळ्यांना." "चहावाल्याला पण?" "पन्नास पावलांवर होता रे तो. त्यालाही आला." "मग मला का नाही आला, काका?" हा प्रश्न तो वर्गात ऐकवत असे तो एक नमुना म्हणून: बघा, भिंत फुटायच्या आधी माणूस असं विचारतो. आज त्याला तो पहिल्यांदा प्रश्न म्हणून ऐकू आला. बाईंडर खरोखर विचारत होता. त्या खोलीत उत्तर ठाऊक असेल असा एकच माणूस त्याला दिसत होता, आणि त्याने त्यालाच विचारलं होतं. पडद्यावरचा काका पुढे वाकतो, जवळजवळ कुजबुजतो, "डोकं कधी कधी पुसून टाकतं असलं काही. आपलं चुकतं तेव्हा. तुला वॉचमन आत आहे हे ठाऊक नव्हतं, एवढं मी छातीठोक सांगतो." "नव्हतं ठाऊक." "बघ." "तो माझा मित्र होता." "म्हणूनच." मग बाईंडर गप्प. स्टॉपवॉच नव्हतं, त्याने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं: एक मिनिट दहा सेकंद. आणि मग तो बसलेला, घसरलेला आवाज, "मग मीच लावली असणार." त्यानंतर बाईंडरने आपल्या हाताने जबाब लिहिला होता, तोच पुढे मॅजिस्ट्रेटसमोर सांगितला होता आणि त्यावर तुरुंगात गेला होता. फायलीतल्या प्रतीवर त्याने पट्टी ठेवली. पहिल्या ओळीतली अक्षरं पाच मिलिमीटर, दहाव्या ओळीत तीन, तेविसाव्या ओळीत दीड. या अक्षरांबद्दलही तो वर्गात सांगत असे. अपराध कबूल करता करता माणूस कसा आक्रसत जातो ते बघा, म्हणत असे. पोरी-पोरं वहीत उतरवून घेत.

केंद्राचे संचालक त्याच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, त्याच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्याशी खुर्ची ओढून, मान किंचित कलती करून, आणि त्याला वाटलं आरशात बघतोय. "काका," ते म्हणाले, "काकूंचं ऐकून आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. तुम्ही थोडी रजा घ्या." "रजा नको आहे." "बरं. मग मला एक सांगा, आजारी माणसं आग लावत नाहीत का?" "लावतात." "मग?" "त्याने लावली नाही असं मी म्हणतच नाही. त्याने लावली असं मी जे दाखवलं होतं, त्यातून तो आजारी आहे एवढंच दिसतं. बाकी काही नव्हतंच आपल्याकडे. पायरीवर बसणं आणि हे." संचालकांनी आवाज खाली आणला. "ती फिल्म काढली तर या केंद्रात दाखवायला उरतं काय? बाहेरचे लोक येतात ती बघायला. आणि बाकीच्या केसेस? तुम्ही हात लावलेली प्रत्येक फाईल वकील उघडायला लागतील." "उघडू देत." "पंधरा महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय, काका." "हिशेब चांगला आहे तुमचा," तो म्हणाला, "मीच शिकवला असणार." संचालक हसले, आणि त्या हसण्यात डोळ्यांच्या कडा हलल्या नाहीत. हे पाहून त्याने मनात लगेच नोंद केली, आणि लगेच ती खोडली. कुणास ठाऊक. दात दुखत असेल बिचाऱ्याचा.

त्याने साडेचार पानं लिहिली. पहिल्या खर्ड्यात त्याला दिसलं की आपण वाचणाऱ्याची मर्जी राखत राखत लिहितोय. मी प्रामाणिकपणे, मला मनापासून, असे शब्द. ते सगळे काढल्यावर साडेतीन उरली. काय पाहिलं, त्याचा काय अर्थ लावला, डॉक्टर काय म्हणाली, आणि वडिलांची गोष्ट खोटी होती. मग त्याने बाईंडरच्या वकिलाला फोन करून ती वाचून दाखवली. वकील म्हणाला, "साहेब, तुम्हीच का ते काका?" "हो." "चार वर्षांपूर्वी कोर्टात मी तुम्हाला विचारलं होतं, त्याला बरं वाटत नसेल असं नाही का वाटलं तुम्हाला. आठवतं?" आठवत होतं. तो म्हणाला होता, माणूस ठणठणीत होता. वकिलाने पुढे ताणलं नाही. अर्ज करता येईल म्हणाला, डॉक्टरांची तपासणी मागता येईल. सुनावणीला यायला कमीत कमी चौदा महिने, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. मध्ये औषध मिळावं म्हणून वेगळा अर्ज. तुरुंगातल्या डॉक्टरांनी त्याच्या कागदावर कामचुकार असा शेरा मारलेला आहे, तो आधी पुसावा लागेल.

तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी सकाळी बायको खुर्चीत बसून बूट घालणाऱ्या त्याच्याकडे बघत होती. औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. चेहरा अजून तसाच, पण चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायला लागली होती, सांडत नव्हती. "त्याला काय सांगणार?" "जे आहे ते." "मग त्याच्या शेजारी नका बसू," ती म्हणाली. "समोर बसा. माणसाला दिसू दे तरी, कोण बोलतंय." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "ही थट्टा होती का?" "नाही," ती म्हणाली. "थट्टा केली की आता हात वर करत जाईन, शाळेतल्यासारखा." आणि तिने हात वर केला, अर्ध्यापर्यंत. तो हसला. त्या हसण्याला उशीर झाला होता, पण तो हसला, आणि मग जिना उतरला.

भेटीची खोली लांबट होती, वरती बारीक जाळीची खिडकी. टेबलं खिळ्यांनी जमिनीला ठोकलेली. बाईंडर आधीच येऊन बसला होता, त्याला बोलावून आणायला वेळ लागतो म्हणून लवकर आणून ठेवतात, असं शिपाई म्हणाला, आणि वर म्हणाला, "पुतळा म्हणतात याला इथे." बाईंडर अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि सत्तरीचा दिसत होता. हनुवटी छातीकडे झुकलेली, ओठांच्या कोपऱ्यात ओल. तो त्याच्या समोर बसला. दोन्ही हात टेबलावर, दिसतील असे. "ओळखलंत का?" त्याने विचारलं, त्याच्या तोंडून अहोजाहो गेलं, जे त्या आठ तासांत एकदाही गेलं नव्हतं. बाईंडरने मान वर केली. "काका," तो म्हणाला. आवाज इतका खोल गेला होता की ऐकायला पुढे वाकावं लागलं, आणि पुढे वाकताना त्याने खुर्चीची कड घट्ट धरून ठेवली. बाईंडरने विचारलं, "वडील कसे आहेत तुमचे?"

"ते छापखान्यात नव्हते," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं होतं. तुम्ही बोलावं म्हणून." बाईंडरच्या चेहऱ्यावर काही झालं नाही, आणि काही झालं नाही याचा अर्थ काय हे आता त्याला माहीत नव्हतं. "असू द्या," बाईंडर म्हणाला. "त्या दिवशी बरं वाटलं होतं ऐकून. सकाळपासनं कुणी नीट बोललं नव्हतं." मग त्याने सगळं सांगितलं. बाटल्या सांगितल्या, रॉकेल सांगितलं, बायको सांगितली, अक्षरं आणि गुंडी आणि हात सांगितला. पुस्तकं चाळीसवरून पंचवीसवर का आली ते सांगितलं. मधे मधे थांबून विचारलं, कळतंय ना? आणि बाईंडर दर वेळी पापण्या सावकाश मिटून उघडत होता. सांगून संपल्यावर शिपायाच्या किल्ल्या तेवढ्या वाजत होत्या. "म्हणजे मला वास आला नाही, ते खरंच आला नाही?" बाईंडरने विचारलं. "खरंच." "मी खोटं बोललो नव्हतो." "नाही. मी चुकीचं पाहिलं." "मग आग कुणी लावली?" "ठाऊक नाही. कदाचित कुणीच नाही. जुनी वायर असेल. आम्ही पुढे पाहिलंच नाही."

बाईंडर टेबलाकडे बघत बसला. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, दोरा ओवल्यासारखी; हे चार वर्षांपूर्वी नव्हतं. "मी रोज रात्री पडल्या पडल्या आठवायला बघतो, काका," तो म्हणाला. एकेक शब्द मधे श्वास घेऊन. "काडी कशी ओढली. कुठनं आत गेलो. आठवतच नाही. म्हटलं, तुम्ही म्हणालात तसं डोकं पुसतंय. चार वर्षं झाली, मी काडी शोधतोय." त्यावर त्याला काहीच बोलता आलं नाही. आणि हे न बोलणं तरी साधं आहे का, की समोरच्याने पुढे बोलावं म्हणून धरलेलं, हे पाहायला तो आत डोकावला, आणि आत त्याला काहीही दिसलं नाही. "पण वास आला असता," बाईंडर म्हणाला, "तर मी त्याला बाहेर काढला असता. म्हातारा हलका होता. ते मात्र राहिलंच ना." "त्यात तुमची चूक नाही." "चूक नाही," बाईंडर म्हणाला, "पण राहिलंच." मग थोड्या वेळाने, "औषधाने वास येतो का परत?" "नाही. डॉक्टर म्हणाली, वास परत येत नाही. हात थोडे सुटतात. चालणं सुधारतं. लवकर सुरू केलं तर जास्त." "लवकर म्हणजे?" त्याने तोंड उघडलं, आणि मऊ, सोयीची, पुढच्याला धरून ठेवणारी तीन-चार वाक्यं जिभेवर येऊन उभी राहिली. ती सगळी त्याने जाऊ दिली. "चार वर्षांपूर्वी," तो म्हणाला.

वेळ संपल्याचं शिपायाने सांगितलं. बाईंडरने टेबलाची कड धरली आणि तिसऱ्या खेपेला तो उठला. "सुनावणीला कमीत कमी चौदा महिने आहेत," त्यानेही उभं राहून सांगितलं. "मी येईन. मीच सांगेन सगळं." "या," बाईंडर म्हणाला, "मी आहेच." शिपायाने त्याच्या दंडाला हात लावला, पण ओढलं नाही. टेबलापासून आतल्या दारापर्यंत फरशा एकवीस होत्या, प्रत्येक एक फुटाची. दाराच्या वर घड्याळ होतं, सेकंदकाटा असलेलं. बाईंडर निघाला तेव्हा तो काटा बारावर होता. नवव्या फरशीशी त्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले, शिपाई म्हणाला, चल की रे, आणि ते पुन्हा निघाले. उंबरठ्याशी ते पुन्हा थांबले.

एकवीस फूट. त्र्याहत्तर सेकंद.